हो म्हणायचं असतं

आमच्या खोऱ्यात माणूस दारू पीत नाही, सिगारेट ओढत नाही, चहा-कॉफीला शिवत नाही. त्या सगळ्याचा वचपा तो सोड्यावर काढतो. दुपारी शाळा सुटली की हमरस्त्याच्या कडेला सोड्याच्या टपरीसमोर गाड्यांची रांग लागते, ती पार टायरवाल्याच्या दारापर्यंत. गाडीच्या काचेतून हात बाहेर येतात आणि बादलीएवढे ग्लास आत जातात. डाएट सोडा, त्यात नारळाचं सिरप, लिंबाची फोड, वर क्रीम, आणि दाताखाली कुरकुरणारा बारीक बर्फ. याला आमच्याकडे मळका सोडा म्हणतात. एवढाच काय तो मळ आमच्या अंगाला चालतो.

जेनील हॅलस्ट्रॉम ही त्या रांगेतली जुनी गिऱ्हाईक. प्राथमिक शाळेच्या कचेरीत ती सेक्रेटरी होती. पालकांचे फोन, हरवलेले हातमोजे, उलटी झालेली पोरं, सगळं तिच्या टेबलावर येऊन पडायचं आणि त्या पसाऱ्याच्या मधोमध तो ग्लास घाम गाळत उभा असायचा. टपरीवरची पोरगी तिची गाडी लांबून ओळखायची आणि न विचारता बर्फ भरायला घ्यायची.

तिने डाएट सोडा काही चैन म्हणून धरला नव्हता. तिसऱ्या बाळंतपणानंतर साखर वाढली, डॉक्टरांनी गोड सोडा बंद केला, तेव्हा ती डाएटवर आली. त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं. साखर उतरली, कंबरही जरा आत गेली. आगीतून फुफाट्यात पडली असं कुणी म्हणणार नाही. पण फुफाटा नसला तरी उकाडा होताच. छातीत जळजळ, रात्री टक्क डोळे, आणि दात असे की थंड वारा लागला तरी कळ यायची.

दातांसाठी ती डॉ. क्रुकस्टनकडे जायची. आमच्या गावात दुसरं कुणी नव्हतंच. आणि हेच डॉ. क्रुकस्टन रविवारी आमचे बिशप. आमच्या पंथात पगारी धर्मगुरू नसतो. शेजारपाजारचाच कुणीतरी नेमला जातो आणि काही वर्षं सगळ्यांची पापं ऐकतो. सोमवार ते शुक्रवार तोंडात डोकावायचं, रविवारी मनात.

"जेनील, तुझे दात बघून मला रडू येतं," ते आरसा फिरवत म्हणाले.

"रडा की. पण त्याचे वेगळे पैसे लावू नका."

"दिवसभर घोट घोट घेत बसतेस. दातांना उसंत कधी मिळायची? साखर नाही हे खरं, पण आंबटपणा आहेच ना. वरचा थर झिजत चाललाय."

"मग करू काय? दारू नाही, कॉफी नाही, आता सोडाही नाही. पिऊ काय बिशप, बाप्तिस्म्याच्या हौदातलं पाणी?"

"इथे मी डॉक्टर," ते हसून म्हणाले. "दुसरं काहीतरी शोध. काहीही. याच्यापेक्षा काहीही बरं."

हा 'काहीही' शब्द तिने मनावर घेतला. तिचं चुकलं ते तिथेच.

पहिल्यांदा तिने नळाचं पाणी धरलं. आमच्या नळाला डोंगराचा चुना येतो, दोन दिवसांत ती कंटाळली. मग नुसत्या बुडबुड्यांचं पाणी आणलं, बिनसाखरेचं, बिनरंगाचं. दातांना ते सोड्याहून कितीतरी बरं म्हणे, पण तिला ते कुणीतरी सोडा धुऊन पाणी ठेवल्यासारखं लागायचं. दूध जड पडलं. पुदिन्याचा काढा करून पाहिला तर टूथपेस्ट गिळल्यासारखं वाटलं. सासू भाजलेल्या गव्हाची पूड गरम पाण्यात घालून प्यायची, आयुष्यभर तिला कॉफीची सावत्र बहीण म्हणून गोंजारत आली होती. जेनीलने त्याचा डबा काढला, एक कप केला आणि डबा परत वर ठेवून दिला. त्यात सोडा सुटल्याची डोकेदुखी अशी की कचेरीतली घंटा वाजली तरी कपाळाच्या शिरा थाडथाड उडायच्या.

शाळेची नर्स ओडेट ऑरेगनची, आमच्या पंथाबाहेरची. कपाळ दाबून बसलेल्या जेनीलला बघून तिने आपल्या थर्मासमधून टोपणभर ओतून दिलं. फिकट हिरवट, किंचित तुरट.

"हे घे. साखर नाही, दाताला त्रास नाही, आणि थोडी तरतरीही येते. डोकं उतरेल."

"काय आहे?"

"ग्रीन टी."

जेनीलचा हात थांबला. "टी म्हणजे चहा?"

"तुमच्यात चालत नाही का? मला वाटलं, काळा चालत नाही."

जेनीललाही तसंच वाटलं. पंथाच्या आरोग्याच्या नियमात गरम पेयं मना आहेत, म्हणजे चहा आणि कॉफी, हे ती पाळण्यापासून ऐकत आली होती. पण तिच्या डोळ्यांपुढे चहा म्हणजे सिनेमातला काळाकुट्ट चहा. हे तर पान. आणि पानाची साक्षही होती. पुढे मुलीची सासू झालेली शॉना घरोघर आरोग्याच्या कॅप्सूल विकायची. त्यांच्या डबीवर ठसठशीत लिहिलेलं होतं, ग्रीन टीचा अर्क. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या अर्ध्या बायका त्या कॅप्सूल गिळायच्या आणि रविवारी पहिल्या बाकावर बसून भजनं म्हणायच्या. शॉनाला चालतं ते पाप कसं असेल? तिने टोपण रिकामं केलं.

महिन्याभरात जेनीलला आपलीच ओळख पटेना. जळजळ गेली. रात्री डोकं टेकलं की सकाळ. आइस्क्रीम खाल्लं तरी दातातून कळ नाही. दवाखान्यात डॉ. क्रुकस्टननी आरसा फिरवला आणि "शाबास! सोडा सुटला वाटतं," म्हणाले. त्याऐवजी काय धरलं ते त्यांनी विचारलं नाही. तोंडात कापूस असल्यामुळे तिलाही सांगता आलं नाही.

त्याच सुमारास मकेलचं लग्न ठरलं. दोन मुलांच्या पाठीवर झालेली ही एकुलती मुलगी. कॉलेजातला टेसन, शॉनाचा मुलगा, घरंदाज, गोरागोमटा, पियानो वाजवणारा. लग्न अर्थातच मंदिरात; आमच्यात रविवारचं चर्च वेगळं आणि लग्नाचं मंदिर वेगळं. मंदिरात बिशपांच्या सहीचं कार्ड असल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आई असो की बाप. दोन्ही मुलांच्या लग्नांना जेनील आत बसली होती. त्या खोलीत समोरासमोर दोन मोठे आरसे असतात. वधूवर मध्ये गुडघे टेकून बसले की एका आरशातून दुसऱ्यात त्यांची प्रतिमा जात राहते, लांबच लांब, संपतच नाही. मुलांच्या लग्नात त्या आरशात बघताना तिला मनात एकच यायचं, एक दिवस इथे माझी मकेल असेल. देवाकडे तिने याहून मोठं काही मागितलंच नव्हतं.

तिच्या कार्डाची मुदत वसंतात संपली होती आणि पाठदुखीच्या नादात नवं करायचं राहून गेलं होतं. त्यात अवघड असं काही नाही. बिशपसमोर बसायचं, ठरलेले प्रश्न असतात, सगळ्यांना तेच, त्यांना हो किंवा नाही म्हणायचं. लग्नाला पंधरवडा उरला तेव्हा ती चर्चमधल्या त्यांच्या खोलीत जाऊन बसली. डॉ. क्रुकस्टन आता टायमध्ये होते. टेबलावर बायबलशेजारी त्यांच्या घरून आलेला सोड्याचा मोठा ग्लास, त्यात स्ट्रॉ.

देवावर श्रद्धा आहे? हो. व्यवहारात प्रामाणिक आहेस? हो. आरोग्याचा नियम पाळतेस?

"हो," जेनील म्हणाली. इथे तिने थांबायला हवं होतं. पण शाबासकीची चटक वाईट. "आणि बिशप, आता तर सोडाही बंद! तुमच्यामुळे. आता फक्त ग्रीन टी."

बिशपांचं पेन थांबलं.

"ग्रीन टी म्हणजे... पुदिन्याचा वगैरे काढा म्हणायचंय का तुला?"

माणूस भला होता. दार त्याने उघडून धरलं होतं. तिला ते दिसलंच नाही.

"छे छे, पुदिना नाही. खरा ग्रीन टी."

"जेनील, तो चहाच असतो. झाड तेच, पानं तीच. वाळवायची तऱ्हा वेगळी, एवढंच. वरून स्पष्ट सांगून आलंय."

"पण तो हिरवा असतो!"

"रंगाचा प्रश्न नाही."

"मग शॉनाच्या कॅप्सूल?"

"त्या कॅप्सूल आहेत," बिशप म्हणाले, आणि ते स्वतःलाच जरा पोकळ वाटलं असावं, कारण त्यांनी ग्लास उचलून स्ट्रॉ तोंडात धरली. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, तुला माहीत नव्हतं. नकळत झालं त्याचं काय एवढं! आजपासून बंद कर. पुढच्या रविवारी ये, कार्ड घेऊन जा. लग्नात तू आत असशील."

जेनील घरी आली आणि चहाची सगळी पाकिटं सिंकमध्ये रिकामी केली. पानं जाळीत अडकली, ती बोटांनी काढून टाकली. नवरा डॅरेल दारात उभा राहून बघत होता. जमिनीत फवारे बसवायचं त्याचं काम, घरात वादळ आलं की बाहेर जाऊन पाण्याचा पाइप तपासायचा स्वभाव.

"दोन आठवड्यांचा तर प्रश्न," तो म्हणाला. "लग्न होऊन जाऊ दे. मग घरात कोण काय पितं, बघायला कोण येतंय?"

"म्हणजे बंद करते म्हणायचं आणि नंतर परत पाकीट आणायचं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलंस."

"म्हटलं असेल तर म्हटलं असेल," डॅरेल म्हणाला आणि पाइप तपासायला गेला.

दोन दिवस ती पाण्यावर राहिली. डोकं पुन्हा ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी आपसूक टपरीच्या रांगेत लागली. पोरीने "दिसलाच नाहीत की इतके दिवस!" म्हणत बर्फ भरला. पहिला घोट घेतला आणि डाव्या दाढेतून जी कळ गेली ती कानापर्यंत. जेनीलने ग्लास खाली ठेवला, डोळे पुसले, पुन्हा उचलला. रात्री छातीत जळजळ घेऊन ती पलंगावर बसून राहिली. धर्माला हे चालत होतं. दाढ किडली तरी चालत होतं, झोप गेली तरी चालत होतं. फक्त त्या हिरव्या पानाने बरं वाटलेलं चालत नव्हतं. हा विचार तिला जन्मात पहिल्यांदा आला आणि तो आल्याचा तिला राग आला.

सकाळी मकेल घरी आली होती, आमंत्रणांची पाकिटं चिकटवायला. पोलादी झाकणाच्या ग्लासातून काहीबाही पीत होती. प्रोटीनचं दूध, ती नेहमी म्हणायची.

"आई, रविवारी नीट बोल हं. फार बोलू नकोस. तू फार बोलतेस."

"विचारतील तेवढंच बोलेन."

"विचारतील त्याच्याहून कमी बोल. हो म्हणायचं, हात मिळवायचा, बाहेर यायचं."

रविवारी जेनील पुन्हा त्या खुर्चीत बसली. बिशपांनी कार्ड भरूनच ठेवलं होतं, फक्त सही राहिली होती. उलट्या बाजूने तिला आपलं नाव वाचता आलं.

"बंद केलास ना?"

"केला."

"छान. आणि पुढेही बंदच ठेवशील ना?"

सोपा प्रश्न. खोलीत आवाज फक्त ग्लासातला बर्फ विरघळून खाली बसण्याचा. जेनीलची दाढ ठणकत होती. तिने तोंड उघडलं आणि तो शब्द जिभेवर आलाच नाही. कारण तिला पक्कं माहीत होतं, लग्नाचे पाहुणे परतायच्या आत ती दुकानात जाऊन ते पाकीट उचलणार होती.

"बिशप, मंगळवारी मी तुमच्या खुर्चीत येऊन बसले तर तुम्ही मला काय सांगाल? सोडा पी?"

"पाणी पी म्हणेन. आणि इथे मी बिशप आहे."

"तोंड तर एकच आहे. माझंही आणि तुमचंही."

बिशप लाल झाले. रागाने नाही, त्यांना लागलं होतं. "जेनील, मला फक्त एक शब्द हवाय. तू दे, मी विश्वास ठेवतो. त्यापुढे मी तुझ्या स्वयंपाकघरात डोकावणार नाही."

म्हणजे त्यांनाही कळलं होतं. ते तिला खोटं बोलायची वाट करून देत होते आणि त्या वाटेच्या टोकाला आरसे होते. व्यवहारात प्रामाणिक आहेस? हा प्रश्नही त्याच यादीत होता, आणि त्याला ती हो म्हणून बसली होती. शाळेत पेन्सिल चोरलेल्या पोरांना ती खुर्चीत बसवून सांगायची, खरं बोललास तर ओरडणार नाही. मकेलला तिने आयुष्यात एकदाच मारलं होतं, तेही खोटं बोलल्यावर.

"मला शब्द देता येत नाही," ती शेवटी म्हणाली.

"मग मलाही सही करता येत नाही." बिशपांनी पेनाला टोपण लावलं. "लग्नानंतर आपण पुन्हा बसू."

दारापर्यंत जाताना तिला खात्री होती की ते हाक मारतील. त्यांनी मारली नाही.

गावात गोष्ट वाऱ्यासारखी गेली, आणि जाता जाता सोपी होत गेली. जेनीलने चहासाठी लेकीचं लग्न सोडलं. बायका तिच्या दारात बटाट्याचे भाजलेले पदार्थ आणून ठेवायला लागल्या, घरात कुणी गेल्यावर ठेवतात तसे.

"तू चहा निवडलास," मकेल म्हणाली. ती रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं.

"मी खरं सांगितलं, बाळा."

"त्यात फरक काय? मला आत माझी आई हवी होती. तुझं खरं घेऊन काय करू मी?"

"आधी बाहेर छोटासा समारंभ करू या. आपल्या अंगणात. मग तुम्ही मंदिरात जा. आता चालतं तसं, कितीजण करतात."

मकेलला पटलंही असतं. पण शॉना सोफ्यावर बसली होती, गुडघ्यावर फुलांचे नमुने घेऊन.

"अगं, केलंच असतं गं," शॉना मधाळ आवाजात म्हणाली. "पण मग सगळे विचारणार, बाहेर का? कुणाला आत येता येत नाही? आमच्या घरात पाच पिढ्यांत असं झालेलं नाही. पोरीच्या डोक्याला हे कशाला?" मग हळूच, "तुला चहाचीच सवय लागली असेल तर माझ्याकडच्या कॅप्सूल घे ना. अंगात तेच जातं, आणि कुणाला बोलायला जागा राहत नाही."

जेनीलच्या तोंडावर जे आलं ते तिने गिळलं. लेकीची सासू होती.

लग्नाच्या दिवशी आभाळ निरभ्र होतं, डोंगरावर अजून बर्फाचा ठिपका होता. मंदिराच्या फाटकापर्यंत सगळे एकत्र आले. तिथून डॅरेल आत गेला, दोन्ही मुलं आणि सुना आत गेल्या, शॉना आणि तिच्या पाच पिढ्या आत गेल्या. डॅरेलने जाताना तिचा हात दाबला. "मी तुला सगळं सांगेन," तो म्हणाला. डॅरेलला कालचं जेवण सांगता येत नाही.

बाहेरच्यांसाठी एक खोली असते. गालिचा, कागदी रुमालांची पेटी, आणि कार्डाच्या वयाला न आलेली मुलं. जेनील दोन्ही नातींना घेऊन तिथे बसली. धाकटीने विचारलं, "आजी, तू का नाही गेलीस? तू तर मोठी आहेस." जेनीलने तिची वेणी सोडून पुन्हा घातली. समोरच्या भिंतीच्या पलीकडे कुठेतरी तिची मुलगी गुडघे टेकून बसली होती आणि आरशात लांबच लांब जात होती. घड्याळाकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, म्हणून ती वेणीकडे बघत राहिली. वेणी तिने तीनदा घातली. पोरगी कंटाळून उठून गेली तेव्हा जेनीलला हुंदका फुटला, आणि कागदी रुमाल तिथे का ठेवलेले असतात ते कळलं.

मकेल दारातून बाहेर आली ती पांढरीशुभ्र, उन्हात डोळे बारीक केलेली, देखणी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छायाचित्रवाल्याने "वधूची आई!" म्हणून हाक मारली आणि जेनील जाऊन उभी राहिली. त्या फोटोत सगळे आतून आलेले आहेत, एक सोडून. फोटोत ते दिसत नाही.

संध्याकाळचं स्वागत चर्चच्या मोठ्या दालनात होतं, एरवी पोरं जिथे खेळतात तिथे. बास्केटबॉलच्या जाळीला शॉनाने पांढरा पडदा बांधला होता. एका बाजूला सोड्याचं टेबल मांडलेलं, सात-आठ तऱ्हेची सिरपं, क्रीम, लिंबं, वधूवरांची नावं छापलेले ग्लास. लोक रांगेत उभे. बिशप क्रुकस्टन रांगेतून आपला ग्लास घेऊन बाहेर पडले, जेनीलसमोर आले, काय बोलावं ते न सुचून म्हणाले, "दाढ कशी आहे?"

"दुखते," ती म्हणाली.

"मंगळवारी ये."

तेवढ्यात मकेलने तिच्या दंडाला धरलं. "आई, चल ना माझ्याबरोबर. बूट चावतायत, दुसरे गाडीत आहेत. मला एकटीला वाकता येत नाही या कपड्यांत."

मुलीने आपणहून हाक मारल्याने जेनीलला इतकं बरं वाटलं की ती जवळजवळ पळतच निघाली. चर्चच्या मागच्या आवारात टेसनची गाडी होती, फुलांनी आणि फेसाने रंगवलेली. जेनील डांबरावर गुडघे टेकून बसली आणि लेकीचे पट्टे सोडायला लागली. टाचेला फोड आला होता.

"आत मी आरशात बघितलं ना," मकेल वरून म्हणाली, "तर सगळे दिसले. तू नव्हतीस. मला वाटलं होतं मला राग येईल. पण नुसतं रडू आलं."

जेनीलने तिच्या टाचेवर फुंकर घातली.

मकेलने हात लांब करून गाडीतल्या कपाच्या खळग्यातून तो पोलादी ग्लास काढला, झाकण उघडलं आणि तहानलेल्यासारखा मोठा घोट घेतला. वास खाली जेनीलपर्यंत आला. तो वास ओळखायला ते प्यावं लागत नाही. विमानतळावर येतो, हॉटेलात येतो, ओडेटच्या कपड्यांना येतो.

"मकेल. हे प्रोटीनचं दूध नाही."

"आई, प्लीज. आज नको."

"कॉफी आहे ही."

"थंड कॉफी. हो. दिवसभर उभी आहे मी."

"कधीपासून?"

"कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून. टेसनही पितो. सगळेच पितात गं, आमच्या मजल्यावर कोण पीत नव्हतं!"

"मग कार्ड? बिशपांना काय सांगितलंस?"

मकेलने तिच्याकडे असं बघितलं की जणू आई लहान आहे आणि आपण मोठ्या. "हो म्हणाले. आई, त्या प्रश्नाला हो म्हणायचं असतं. त्यांनाही माहीत असतं. तुला एकटीलाच कसं कळलं नाही?"

जेनील तशीच गुडघ्यांवर बसून राहिली. तिला बोलायचं होतं ते फार होतं. त्या खोलीतला गालिचा, तीनदा घातलेली वेणी, "तुझं खरं घेऊन काय करू मी". पण डांबरावर टाचांचा आवाज आला आणि मागून शॉनाची हाक, "मकेल! बाळा, केक कापायचाय!"

मकेलने पापणी लवायच्या आत ग्लास आईच्या हातात कोंबला. झाकण उघडंच होतं.

शॉना जवळ आली, हसरी, हातात पिना. मग तिला वास आला. तिने ग्लासाकडे बघितलं, गुडघे टेकलेल्या जेनीलकडे बघितलं, आणि चेहऱ्यावरचं हसू घडी घालून ठेवल्यासारखं आवरलं.

"जेनील. आज? चर्चच्या आवारात? पोरीच्या लग्नाच्या दिवशी तरी..." तिचा आवाज खरंच दुखावलेला होता. "हे तुझं आहे?"

जेनीलने मान वर करून मुलीकडे पाहिलं. मकेल दुसऱ्या बुटात पाय घालत होती. पट्टा लावायला लागतो तितका वेळ जेनील थांबली. पट्टा लागला. मकेलने मान वर केली नाही.

"हो," जेनील म्हणाली. "माझंच आहे."

बिशपसमोर जिभेवर न आलेला शब्द डांबरावर बसून एका दमात निघाला. शॉनाने सुस्कारा टाकला, मकेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि "चल बाळा, तू नको मनाला लावून घेऊस," म्हणत तिला आत घेऊन गेली. दालनाचं दार उघडलं, टाळ्या ऐकू आल्या, दार बंद झालं. जेनील दुसऱ्या हाताने लेकीचे काढलेले बूट उचलून गाडीत ठेवत होती.